पिंजऱ्यातल्या शिकारी पक्ष्यांचे जवळून फोटो काढावेत की नाही?

मांडवीकाठ
गोव्यातल्या बोंडल्यासारख्या प्राणीसंग्रहालयात जाळीआडून काढलेल्या फोटोला किंमत नाही, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. चोचीच्या मुळाशी असलेली मेणासारखी पिवळी कातडी, डोळ्यावर पुढे आलेलं हाड, आडवी सरकणारी तिसरी पापणी हे रानात शंभर फुटांवरून कळत नाही. खाली ‘पिंजऱ्यातला पक्षी’ असं ठळक लिहा आणि खुशाल काढा.

फोटोतून जाळी घालवायची तर अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडा, लेन्स जाळीजवळ न्या आणि पक्षी जाळीपासून लांब बसेपर्यंत थांबा. ४०० मिमी लेन्सचं एफ ५.६ ला छिद्र साधारण ७० मिमी असतं. २-३ मिमीची तार त्यापुढे विरून जाते. एफ १६ केलंत तर छिद्र उरतं २५ मिमी आणि जाळीच्या रेघा फोटोत उमटतात. फ्लॅश नकोच, तो तारेवरून उलटा येतो. ऑटोफोकस तार पकडत असेल तर एकच बिंदू डोळ्यावर ठेवा, नाहीतर हाताने फोकस करा. ब्राह्मणी घारीचं डोकं पांढरं आणि मागे अंधार असतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), नाहीतर डोक्यावरचं पीस न् पीस फटफटीत होतं.

रानपाखरू
‘लेन्स जाळीजवळ न्या’ हा सल्लाच घातक आहे. बहुतेक पिंजऱ्यांपुढे कठडा असतो. हे वाचून लोक तो ओलांडतात, आणि लेन्स घेऊन पुढे आलेला माणूस पक्ष्याला चाल करून येणाऱ्यासारखा दिसतो. पक्षी उडून जाळीवर आदळतो. कपाळ आणि चोचीच्या मुळाची कातडी सोलते, शेपटीची पिसं मोडतात. मोडलेलं पीस नखासारखं वाढत नाही. पुढच्या पीसझडीपर्यंत तसंच राहतं. शिकारी पक्ष्यांसाठी चौकोनी जाळीपेक्षा उभे गज बरे मानतात ते यासाठीच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ३८-जे कलमाने प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्यांना आवाजाने किंवा इतर प्रकारे त्रास द्यायला बंदी आहे. लक्ष वेधायला टिचक्या वाजवणारेही त्यात आले.

मांडवीकाठ
कठड्याचा मुद्दा मान्य, तो ओलांडायचा नाहीच. पण कठड्यामागूनही जमतं. जाळीवर ऊन पडलं की फोटोवर दुधाळ पडदा येतो. जाळी सावलीत आणि पक्षी उजेडात अशी वेळ गाठायची. आणि मागच्या जाळीकडेही बघा. लोक पुढचीच घालवत बसतात आणि पक्ष्याच्या डोक्यामागे चौकटी राहतात. दोन पावलं बाजूला सरकून मागे झाडोरा येतो का बघावं.

कुटबणचो
बाब, पिंजरा हवाच कशाला? गोव्यातल्या मालीम किंवा कुटबणच्या मासेमारी जेटीवर बोटी लागल्या की ब्राह्मणी घारी डोक्यावरून जातात. १/२००० सेकंदाचं शटर, सकाळचं ऊन, पाठ सूर्याकडे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मात्र जाऊ नका, मासळी नसली की घारीही पांगतात.

रानपाखरू
जेटी उत्तम, पण फोटोसाठी हातातून मासे उडवू नका, तेही आमिषच. आणि मांडवीकाठ, तुमच्या ‘खुशाल काढा’ला माझी अट आहे. पक्षी चोच उघडून धापा टाकतोय, पिसं अंगाशी घट्ट चिकटवून ताठ झालाय, किंवा घुबड पिसं फुलवून चोच कटकटवतंय, तर कॅमेरा खाली. खाद्यावर पंख पसरून बसलेला असतानाही नाही, तो तेव्हा घास राखत असतो. आणि पायात दोरी बांधून फांदीवर बसवलेला पक्षी कुणी पैसे घेऊन दाखवत असेल तर फोटो काढू नका, वनखात्याला कळवा.

मांडवीकाठ
या अटी मला मंजूर. शेवटच्या प्रकाराला तर ‘पिंजऱ्यातला पक्षी’ लिहूनही माफी नाही. पण शांत बसून पिसं विंचरणाऱ्या पक्ष्याचा फोटो मी चुकीचा मानणार नाही. ३ मीटरवर ४०० मिमी, एफ ५.६ ला फोकसमध्ये स्पष्ट येणारी खोली जेमतेम २ सेंमी मिळते, म्हणून समोरून नको. तो मान वळवून एका डोळ्याने बघतो तेव्हा चोच आणि डोळा एका पातळीत येतात. तेव्हा चार-पाच फ्रेम सलग घ्या, एखादीत तिसरी पापणी अर्धी आलेली मिळते.

रानपाखरू
कॅमेऱ्याच्या आवाज न करणाऱ्या शांत शटरवर घ्या मग. सलग खडखडाटाने बरेच पक्षी पिसं विंचरणं थांबवतात.