एकच क्यू (पूलची काठी) किती वर्षं चालवता तुम्ही लोक? (रत्नागिरीतून विचारतोय)

रत्नांग्रीचा_आठनंबर:
नमस्कार मंडळी. पूल खेळणारे इथे किती आहेत माहीत नाही पण विचारून बघतो. माझी क्यू दोन तुकड्यांची मेपलची आहे, १९ औंसाची. २०१४ च्या मे महिन्यात मुंबईहून पहिल्या पगारातून आणलेली, तेव्हापासून हीच. एवढ्या वर्षांत टीप (टोकावरची चामड्याची टिकली) आठ-नऊ वेळा बदलली असेल, एकदा फेरूल (टीपखालची छोटी नळी) तडकली ती बदलली, बटावरचा (मागच्या जाड तुकड्यावरचा) दोरा सुटून आला म्हणून तिथे आता बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप गुंडाळलीय, दिसते भिकार पण हात घसरत नाही. बायको म्हणते घरात आपल्या लग्नापेक्षा जुनी आणि अजून लाडकी अशी ही एकच वस्तू.

तर झालंय असं की जूनपासून माझे डावीकडचे पातळ कट (बॉलला जेमतेम कडेला लावून मारायचे शॉट) बसतच नाहीयेत. सरळ शॉट ठीक, उजवीकडचे ठीक, डावीकडचा मारला की बॉल पॉकेटच्या जबड्यात खडखड करून बाहेर. पूल पार्लरमधली पोरं म्हणतात दादा काठी म्हातारी झाली. त्यात मेहुणा गणपतीला दुबईहून येतोय, त्याच्याकडे कार्बनचा शाफ्ट (काठीचा पुढचा बारीक तुकडा) पडून आहे, आणतो म्हणाला. फुकट मिळतंय तर घ्यावं हे कळतं, पण मन होत नाही. तुम्ही एक काठी किती वर्षं ठेवली आणि बदलली तर का बदलली, खरं खरं सांगा.

वाशिष्ठीकाठचा:
मी चिपळूणचा. माझी १२ वर्षं एकच होती आणि मी ती बदलली नाही, ती नदीने बदलायला लावली. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा केस दुकानाच्या पोटमाळ्यावर होती, मला वाटलं पोटमाळ्यापर्यंत काय येणार, आलं. चिखल काढून केस हाती लागली तेव्हा जॉइंट (दोन तुकड्यांचा सांधा) असा जाम झालेला की दोन माणसांनी पिळून निघाला आणि शाफ्टचं धनुष्य झालेलं, मेपल पार काळपट. बट वाळल्यावर सरळ निघाली ते एक आश्चर्य. तेव्हा बाकीचं नुकसान एवढं होतं की काठीसाठी रडणं बरं दिसलं नसतं, म्हणून कोणाला बोललो नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय.

त्यानंतर तीन क्यू झाल्या. एक जड वाटली, एक विकली, तिसरी आता वापरतोय ती खरं तर जुनीपेक्षा चांगली आहे, सरळ आहे, महाग आहे, पण अजून मी चुकलो की पहिली नजर काठीकडे जाते. जुनी होती तेव्हा चुकलो तर स्वतःला शिव्या घालायचो. हा फरक पैशात नाही मोजता येत.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की आधी टीप बघ रे. टीप दाबून दाबून दगड होते, वरून चकचकीत होते, मग चॉक (टीपला लावायचा खडू) धरत नाही आणि साईड मारताना, म्हणजे पांढऱ्या बॉलला मधोमध न मारता बाजूला मारताना, घसरते. पूलच्या टीपची गोलाई साधारण आताच्या एक रुपयाच्या नाण्याएवढी हवी, नाणं शेजारी धरून बघ. सपाट झाली असेल तर पन्नास रुपयांचं काम आहे आणि तू कार्बनच्या गोष्टी करतोयस.

कार्बनवाला_पनवेल:
मी उलट बाजूचा. दर दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि मला अजिबात लाज वाटत नाही. भावना वगैरे ठीक आहे पण लाकूड हे लाकूड आहे, ते हवेतलं पाणी पितं आणि सगळीकडून सारखं पीत नाही, म्हणून वाकतं. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर चपलांना, भिंतीला बुरशी धरते, कपाटातला शर्ट हिरवा होतो, आणि शाफ्ट मात्र सरळ राहावा ही अपेक्षा.

कार्बन वाकत नाही, टेबलाच्या कडेवर आपटला तरी खड्डा पडत नाही, पुसला की स्वच्छ. २०१६ ला प्रिडेटर कंपनीचा रेव्हो हा कार्बनचा शाफ्ट आला तेव्हा सगळे हसले होते, आता बघा मोठ्या स्पर्धांत टेबलाभोवती किती काळ्या काठ्या दिसतात. दुसरं म्हणजे डिफ्लेक्शन. पांढऱ्याला डावीकडे साईड मारली की तो आधी किंचित उजवीकडे सरकतो, उजवीकडे मारली की डावीकडे, हे सगळ्यांना अंगवळणी पडलेलं असतं, आपण नकळत नेम तेवढा बाजूला धरतो. शाफ्टचं पुढचं टोक जितकं हलकं तितकं हे सरकणं कमी.

आता इमानदारीने सांगतो, इथेच गोची आहे. तू इतकी वर्षं जो नेम बाजूला धरत आलायस तो कार्बनवर चुकीचा ठरणार. मला पहिला महिना दीड महिना लहान पोरं हरवत होती. शिवाय आवाज वेगळा येतो, ठक् असा नाही, पोकळ टक् येतो, काहींना तोच सहन होत नाही. आणि हो, त्याला सँडपेपर लावू नकोस कधी, लाकडाची सवय असते ना हाताला.

मालवणी_झिंगा:
अरे बाबा काठी बदलूची नाय. माजी क्यू १७ वर्सां माज्याकडे आसा, स्नूकरची, ॲशच्या लाकडाची, तीच पूलाक वापरतंय, तीच स्नूकराक. माका लोक सांगतत पूलाचो बॉल मोठो, टीप बारीक, टीप फाटतली. फाटता, बदलतंय. काय मरण येवक नाय.

एकदाच घोळ झालो. आवशीन पावसात केस उचलून चुलीवरच्या माळ्यार ठेवल्यान, सुक्या बांगड्याच्या डब्याशेजारी, म्हणता कोरडा ऱ्हवात. चार म्हयन्यांनी काढलंय तर काठी अशी सुकलेली की पितळेचो जॉइंट आतून खुळखुळता आणि वास तर असो की पार्लरवालो म्हणालो मांजर आणलंस काय. अजून पावसात केस उघडलंय की बांगडो येता.

रत्नांग्रीचा_आठनंबर:
@मालवणी_झिंगा हसून हसून मेलो. वास जायला काय केलंस?

मालवणी_झिंगा:
काय्येक नाय. आता सवय झाली. वास इलो की माका खेळ बरो येता.

बोटीवरचो_दादा:
मर्चंट नेव्हीत आहे, घर देवगडजवळ, वर्षातले सात महिने पाण्यावर. बोटीवर पूल टेबल असून उपयोग नाही, बॉल आपोआप पॉट होतात, म्हणून आम्ही टेबल टेनिस खेळतो. पण खलाशी बरेचसे फिलिपिनो, आणि त्या लोकांत पूल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. त्यांचा एफ्रेन रेयेस १९९९ मध्ये नाइन बॉलचा (पूलचाच एक प्रकार) वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्या मॅचच्या गोष्टी हे लोक आजही मेसमध्ये काल घडल्यासारख्या सांगतात.

आमच्या बोसनकडे (खलाशांच्या मुकादमाकडे) एक काठी होती, रंग उडालेली, बटाला चरे. मी म्हटलं नवीन का नाही घेत, पगार तर चांगला आहे. तो म्हणाला गावात ज्याच्याशी पैसे लावून खेळायचं असतं तो आधी तुझी काठी बघतो, भारी काठी दिसली की खेळत नाही. म्हणजे त्याची निष्ठा वगैरे काही नव्हती, धंदा होता! मला हे उत्तर फार आवडलं.

माझं स्वतःचं म्हणाल तर मनिलाला घेतलेली एक गेली नऊ वर्षं आहे. सुट्टीवर आलो की पहिला आठवडा हातात परकी वाटते, दुसऱ्या आठवड्यात माझी होते, तोवर जायची वेळ येते. खारी हवा असेल तर एक करा, खेळून झाल्यावर कोरड्या फडक्याने जॉइंटसकट पुसा, पितळ असेल तर हिरवं चढतं. केसमध्ये औषधाच्या बाटल्यांत येतात त्या सिलिकाच्या पुड्या टाका, मधूनमधून बदला. आणि काठी भिंतीला तिरकी टेकवून ठेवायची नाही, कधीच नाही, गाडीच्या डिकीत तर नाहीच.

सावंतवाडीची_ताई:
इथे सगळे दादाच दिसतायत म्हणून मीही लिहिते. कॉलेजपासून खेळते, स्नूकर जास्त. कोणीतरी हेंड्रीचं नाव काढेलच म्हणून मीच आधी काढते. स्नूकरवाल्या स्टीफन हेंड्रीने सातही वर्ल्ड टायटल एकाच स्वस्तातल्या काठीने जिंकली, २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली आणि पुन्हा तो वर्ल्ड चॅम्पियन झाला नाही. आमच्या पार्लरात ही गोष्ट सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतात, काठी सोडलीत तर साधुवाण्याची नौका बुडाली तसं तुमचं होईल.

पण तारखा बघा ना. त्याचं सातवं टायटल १९९९ चं. काठी मोडली २००३ ला. मधली चार वर्षं काठी धडधाकट होती, तरी टायटल नाहीच. आणि काठी मोडल्यावरही तो रँकिंग स्पर्धा जिंकलाय. वय वाढलं होतं, समोर नवीन पोरं आली होती. काठीवर ढकलणं सोपं असतं एवढंच.

आता तुमच्या डावीकडच्या कटाबद्दल. मला टीपपेक्षा शाफ्टचा संशय येतोय, कारण जूनपासून म्हणताय. पाऊस कधी सुरू झाला? एक काम करा, जोडून लोळवू नका, दोन्ही तुकडे वेगवेगळे टेबलावर लोळवा, कापडावर नाही, काचेवर किंवा फरशीवर. दोन्ही सरळ लोळले आणि जोडल्यावर डुगडुगलं तर दोष जॉइंटमध्ये. शाफ्ट एकटाच डुगडुगला तर शाफ्ट वाकलाय. किंचित वाकला असेल तरी खेळता येतं, पण दर शॉटला तीच बाजू वर यायला हवी. आम्ही ॲशवाले लाकडावरच्या रेघांचे बाण असतात ते वर ठेवूनच धरतो, तुमच्या मेपलवर तसं ठळक दिसत नाही म्हणून पूलवाले कशीही धरतात आणि वाक कधी डावीकडे कधी उजवीकडे जातो. बटावर पेनाने ठिपका काढा.

आणि बट टाकून देऊ नका कृपया. माझ्या क्यूच्या मागचा भाग फुटला तेव्हा इथल्या चितारआळीत लाकडी खेळणी कातणाऱ्या एका काकांकडे नेली, ते आधी म्हणाले बाई आम्ही भवरे करतो, मग दोन दिवस ठेवून घेतली आणि लेथवर असा तुकडा कातून बसवला की सांधा नखाला लागत नाही. वर लाखेची लाल रेघ फुकट दिली, मी नको म्हणत होते. आता सगळे त्या रेघेवरून माझी काठी ओळखतात.

कार्बनवाला_पनवेल:
ताईंचा मुद्दा मान्य. मी पण हेंड्रीचंच उदाहरण टाइप करत होतो, खोडलं.

रत्नांग्रीचा_आठनंबर:
मंडळी खूप आभार, एवढे लोक लिहितील वाटलं नव्हतं. काल रात्री पार्लर बंद झाल्यावर मालकाच्या काउंटरच्या काचेवर लोळवून बघितली. बट एकदम सरळ. शाफ्ट टोकाजवळ डुगडुगतोय, काचेखालून एखादी काडी सरकवता येईल एवढी फट दिसते. टीपही सपाट झालीय, नाणं लावून बघितलं, वाशिष्ठीकाठच्याचंही बरोबर आणि ताईंचंही.

ताई, ठिपका काढला. आज संध्याकाळी तो वर ठेवून खेळलो, डावीकडचे दहातले सहा गेले, परवा दोन जात होते. म्हणजे काठी जूनमध्येच वाकली असेल आणि मी दोन महिने उगाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचा विचार करत होतो.

मेहुण्याला फोन केला. म्हटलं बट माझी राहील, शाफ्ट तुझा लावू. तो म्हणाला चालेल. मग त्याने जॉइंटचा फोटो पाठवला तर त्याचा पिन (जॉइंटचा स्क्रू) वेगळाच निघाला, माझा जाड आटे असलेला, तीन अष्टमांश दहा या मापाचा आणि त्याचा शाफ्ट युनिलॉक नावाच्या पिनचा, बसणारच नाही. आता तो तिथे माझ्या पिनला बसणारा मिळतो का बघतोय, न मिळाल्यास साधा मेपलचाच शाफ्ट आणायला सांगितलाय. बायकोने विचारलं किती जुनं उरेल मग त्यात. मी म्हटलं बट आणि बॅडमिंटनची ग्रिप.

मालवणी_झिंगा:
शाफ्ट इलो की माज्याकडे पाठव दोन दिस. बांगड्याचो वास लावून देतंय.