पांढऱ्या कागदावर पांढरा काकाकुवा कसा उठवायचा? (जलरंग, मदत हवी आहे)

चित्रकार मंडळी, एका पक्ष्यापाशी अडलेय.

शेख झैनुद्दीनचं १७७७ चं चित्र आहे: सीताफळाच्या फांदीवर बसलेला पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा. त्याची प्रत करतेय. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश एलायजा इम्पे यांच्या पत्नी मेरी यांनी घरच्या बागेत देशोदेशीचे पशुपक्षी पाळले होते. त्यांची चित्रं काढायला पाटण्याचे तिघं ठेवले: झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. तीनशेहून जास्त चित्रं झाली, त्यात निम्म्याहून अधिक पक्षीच. (हिमालयातल्या मोनाल पक्ष्याच्या शास्त्रीय नावात 'इम्पेजानस' आलं ते या बाईंमुळे. रंगवणाऱ्यांच्या वाट्याला कोपऱ्यातलं नाव, बस्स.)

तिघांचा हात मुघल लघुचित्रांत तयार झालेला, पण कागद इंग्लंडहून आलेला, व्हॉटमन छापाचा, आणि गिऱ्हाईक निसर्गसंग्राहक. त्यामुळे मागे ना महाल ना आकाश, नुसता कोरा कागद. माझं घोडं तिथेच अडलंय. हिरवा पोपट अशा कागदावर आपोआप उठतो, पांढऱ्याचं काय करायचं? कडेने राखाडी रेघ ओढली की पक्षी कापून चिकटवल्यासारखा दिसतो. टिटॅनियम व्हाइट लावला तर पिसं कोरडी पडतात आणि बोटाला भुकटी लागते. मूळ चित्रात पीस न् पीस वेगळं दिसतं, तरी पक्षी मऊच वाटतो.

कागद सुती, हॉट प्रेस (म्हणजे गुळगुळीत), ३०० जीएसएम. पांढरा रंग वापरायचा की कागदच कोरा सोडायचा? आणि एवढ्या जाड कागदावर घोटाई (दगडाने घासून गुळगुळीत करणं) चालेल का? मागे वॉश (पातळ रंगाचा सलग थर) देऊन मोकळ्या व्हा, असं कृपया सुचवू नका.

प्रतिसाद
कागदच पांढरा धरा. राखाडीत काळा अजिबात नको. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून पाण्यासारखा पातळ करा आणि पंखाखाली, पोटाखाली थरावर थर द्या. कड सलग ओढू नका. सावलीच्या बाजूला पिसांच्या टोकांनीच ती तयार होऊ दे, उजेडाकडे मधे मधे तुटू दे. पांढरा अगदी शेवटी, फक्त पिसांच्या दांड्यांवर, आणि तोही झिंक व्हाइट. टिटॅनियम फार झाकतो. भुकटी सुटतेय म्हणजे डिंक कमी पडतोय, थेंबभर गम अरेबिक घाला.

घोटाई चित्र पुरतं वाळल्यावर. काचेवर पालथं ठेवून मागून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने, हलक्या हाताने. ३०० चा कागद मात्र जाड पडेल, आधी तुकड्यावर करून बघा.

धागाकर्ती
आभार! सीताफळ आणि पानंही अशीच पातळ ठेवू का?

प्रतिसाद
छे, तिथे बिनधास्त घट्ट रंग लावा. पान जिथे पक्ष्याला टेकतं तिथे तर गडदच हवं, म्हणजे तेवढ्या भागात कड काढायलाच नको.