डायनिंग रूमला फ्रेंच कंट्री लुक द्यायचाय, सासूबाईंचं जुनं टेबल रंगवू की तसंच ठेवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने डायनिंग रूमच्या मागे लागलेय आणि आता अशी अडकलेय की पुढे काय करावं सुचतच नाहीये, म्हणून इथे विचारतेय. जरा लांबलचक होणारे, आधीच सॉरी.

खोली १२ बाय ११ फूट. त्यात ६ बाय ३ चं टेबल, सासूबाईंचं, चांगलं जड, गडद लाकडाचं, पाय थोडे बाकदार. सोबत सहा खुर्च्या, चार वेताने विणलेल्या आणि दोन नंतर आणलेल्या, म्हणजे जोडीच्या नाहीत. मला प्रोव्हान्समधल्या (दक्षिण फ्रान्स) जुन्या शेतघरांत असतं तसं हवंय, उबदार, वापरातलं, हात लावायला भीती वाटणार नाही असं. पण फोटो बघत बसले की सगळीकडे पांढरं फर्निचर दिसतं आणि मग वाटतं की आपलं टेबल यात बसतच नाही. सासूबाई म्हणतात, "तुला हवं तर रंगव गं, माझी काही हरकत नाही," पण त्या ज्या पद्धतीने टेबलावरून हात फिरवतात ते बघून माझाच हात उचलत नाही.

त्यात एक गोंधळ करून ठेवलाय. जोडीच्या नसलेल्या दोनपैकी एक खुर्ची घासून, पॉलिश पूर्ण काढून, तिला ऑफव्हाइट चॉक पेंटचे (खडूसारखा मॅट दिसणारा फर्निचरचा रंग) दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी बघते तर पिवळे-तपकिरी डाग वर आलेले! तिसरा हात दिला, तरी पुन्हा तेच. हे का होतंय?

बाकी भिंतींना चुन्याचा हात द्यावा असं मनात आहे (आत्ता साधा इमल्शन आहे), पडद्याला ती फ्रेंच छापाची कापडं असतात त्यातलं काहीतरी, आणि एका भिंतीला ताटं मांडायचं उघड्या फळ्यांचं कपाट, दीड फूट खोल. ते मावेल का? की खोली गच्च होईल? लोखंडी झुंबरही घ्यायचंय, ते किती खाली लटकवतात?

प्रतिसाद:

टेबल रंगवू नका! हे आधी सांगते, बाकीचं नंतर. प्रोव्हान्सच्या घरांत अक्रोडाच्या लाकडाचं फर्निचर असायचं, उत्तरेला नॉर्मंडीकडे ओकचं, आणि ते बऱ्याचदा लाकडाच्याच रंगात. बाकदार पाय म्हणजे पंधराव्या लुईच्या काळातली (१७१५ ते १७७४) दरबारी फॅशन, ती खेड्यातल्या सुतारांनी आपल्या परीने उचलली आणि पुढे खूप वर्षं बनवत राहिले. तुमच्या टेबलाला ते पाय आहेतच की. अशा खोलीत एक तरी वस्तू गडद आणि वजनदार लागते, नाहीतर सगळं एकाच दिवशी एकाच दुकानातून उचलून आणल्यासारखं दिसतं. वेताच्या चारही खुर्च्या तशाच राहू द्या, तिकडे गवताच्या दोरीने विणलेल्या बैठकीच्या खुर्च्या असतात, त्यांच्याशी त्यांचं छान जमतं. रंग द्यायचा तर त्या दोन वेगळ्यांनाच द्या आणि टेबलाच्या दोन टोकांना ठेवा, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं वाटेल.

डागांचं कारण म्हणजे लाकडातलं टॅनिन, म्हणजे त्यातला नैसर्गिक तपकिरी रंगाचा अंश. पॉलिश काढल्यामुळे लाकूड उघडं पडलं, आणि चॉक पेंट पाण्यातला असल्यामुळे त्यातल्या पाण्याने ते टॅनिन विरघळून वर आलं. कितीही हात दिलेत तरी येत राहणार. लाखेचा प्रायमर लावा, दोन पातळ हात, तो वाळला की मग रंग. दुसरी खुर्ची घासण्याआधी एका कोपऱ्यात कापसाने थोडं स्पिरिट लावून बघा. पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचंच आहे, मग पूर्ण काढायची गरज नाही, वरवर हलकी घासा आणि प्रायमर द्या.

चुन्याबद्दल मात्र सावध राहा. चुना भिंतीत मुरायला लागतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. इमल्शनवर तो धरत नाही, पापुद्रे निघतात. आधी मिनरल प्रायमर (चुन्याला धरायला खरखरीत थर देणारा) द्यावा लागेल. आणि ओला असताना गडद दिसतो, वाळला की बराच फिका होतो, त्यामुळे दाराआड एक चौकोन रंगवून दोन दिवस थांबा, घाई करू नका.

कापडाचं मला फार आवडतं म्हणून जरा जास्त लिहिते. दोन वेगळे प्रकार लोक एकच समजतात. ट्वाल द झुई म्हणजे फिकट कापडावर एकाच रंगात झाडं, मेंढपाळ, मोठाली दृश्यं. व्हर्सायजवळच्या झुई गावात ओबरकांफ नावाच्या कारखानदाराने १७६० मध्ये कारखाना काढला, तिथलं हे. प्रोव्हान्सची कापडं वेगळी, पिवळी, निळी, लाल, बारीक फुलांची, आणि ती मुळात भारतातून गेलेल्या छापील सुती कापडांवरून आली, त्यांचं नावच 'अँदियेन', म्हणजे 'भारतीय'. या कापडांचं तिथे इतकं वेड होतं की रेशीम-लोकरवाल्यांना वाचवायला फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली आणि ती थेट १७५९ मध्ये उठली. तुमच्या गडद टेबलाशेजारी मला प्रोव्हान्सचं निळं-पिवळं जास्त शोभेल असं वाटतं. मोठी नक्षी एकच, ती पडद्याला, आणि उशांना त्याच निळ्यातली चौकडी किंवा पट्टे.

कपाट मावेल, पण १२ फुटी भिंतीलाच लावा आणि टेबलही त्याच दिशेने आडवं ठेवा. खुर्ची मागे सरकवून उठायला साधारण ३ फूट लागतात. टेबल आहे तिथेच मधोमध ठेवलंत तर कपाटाच्या बाजूला अडीचच उरतात, म्हणून ते ९ इंच पलीकडे सरकवा, दोन्हीकडे सव्वातीन फूट मिळतील. झुंबर टेबलाच्या वर ३० ते ३६ इंचांवर, रुंदी टेबलाच्या रुंदीच्या निम्मी ते दोन तृतीयांश, म्हणजे तुम्हाला १८ ते २४ इंच. बल्ब २७०० केल्विनचा, पिवळसर. आणि टेबल सरकलं की झुंबरही सरकायला हवं बरं का.

धागाकर्ती:

किती मनापासून लिहिलंत, खूप खूप धन्यवाद! टेबल तसंच ठेवतेय हे सासूबाईंना सांगितलं तर काही बोलल्या नाहीत, फक्त संध्याकाळी फडकं घेऊन त्याचे पाय पुसत बसल्या होत्या.

स्पिरिट लावून बघितलं, लगेच चिकट झालं आणि कापूस तपकिरी, म्हणजे लाखच. टेबल आजच सरकवून बघितलं, खुर्च्या मोकळ्या फिरतात. आता राहिला लाइटचा पॉइंट, तो छताच्या बरोबर मधोमध आहे. छत न फोडता साखळी लांब घेऊन ९ इंचांवर हुक मारून तिथून झुंबर सोडलं तर चालेल का? वजन साधारण ६ किलो आहे. कोणी केलं असेल तर हुक कसा बसवला ते प्लीज सांगा.