केर-सांगरी तोडायला थारच्या वाळवंटात जायचं नवीन फॅड, तुम्हाला पटतं का?

जोधपूरला_सध्या:
नोकरीमुळे इकडे राहतोय म्हणून लिहितोय. आपल्याकडच्या रानभाजी ट्रेकसारखं इथेही सुरू झालंय. गाडी भरून यायचं, गाइड घ्यायचा, केर (काटेरी झुडपाची बारकी फळं) आणि सांगरी (खेजडीच्या झाडाच्या शेंगा) तोडायच्या, फोग नावाच्या वाळवंटी झुडपाचे कळे ओरबाडायचे आणि व्हिडिओ टाकायचा "फुकटचं सुपरफूड". मला विचाराल तर बाहेरच्यांनी तोडूच नये, खायचंय तर गावातल्या बायकांकडून विकत घ्या. जैसलमेरकडे वर्षाला धड २०० मिमी पाऊस पडत नाही, तिथलं झुडूप कोकणातल्यासारखं दोन महिन्यांत परत फुटत नसतं. आणि रानातलं असं खाणं ही इथे कोणाची हौस नव्हती हो, १८९९-१९०० च्या छपनिया दुष्काळात लोकांनी खेजडीची साल दळून खाल्लीय.

खादाड_पुणेकर:
विकत घ्या म्हणायला काय जातंय, सुकी सांगरी हजार रुपये किलोच्या पुढे गेलीय. मूठभर केर तोडले म्हणून वाळवंट ओसाड होणारे का? बिकानेर-जोधपूरकडे सोलर प्लांटसाठी खेजड्या कापतायत त्याबद्दल बोला की. १७३० मध्ये खेजडलीला अमृतादेवी बिश्नोईंसकट ३६३ जणांनी ज्या झाडापायी जीव दिला तेच झाड हे.

जोधपूरला_सध्या:
सोलरचं १००% मान्य. पण दरोडेखोर मोकाट आहे म्हणून पाकीटमाराला सोडायचं का? आणि केर तोडून लगेच तोंडात टाकता येत नाही दादा. मे महिन्याच्या उन्हात काट्यात हात घालून हिरवी बारकी फळं तोडायची, मग मडक्यात ताक नाहीतर मिठाचं पाणी घालून बुडवून ठेवायची, कडूपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं, मग वाळवायची. शेजारच्या काकीसांची बोटं बघा एकदा, मग हजार रुपये महाग वाटणार नाहीत. ट्रेकवाले तोडतात, फोटो काढतात आणि रिसॉर्टवर टाकून जातात.

माहेर_नगर:
खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमीच ना, आमच्याकडे बांधावर असायची, सौंदड म्हणायचो. विकत घ्या याला माझा पाठिंबा, पण कारण वेगळं आहे. हिवाळ्यात शेळ्या-उंटांसाठी पाला छाटतात, लूंग म्हणतात त्याला, आणि झाड पूर्ण छाटलं की त्या सीझनला शेंगा येत नाहीत. म्हणजे शेतकऱ्याला चारा की सांगरी हे ठरवावं लागतं, सांगरीला भाव मिळाला तर तो चार झाडं तरी राखेल. फक्त तो भाव मधला व्यापारी खाणार नाही हे कोण बघणार?

काढा_नको:
खाण्याचं ठीक आहे हो, मला धास्ती औषधवाल्यांची आहे. तुंबा म्हणजे आपलं कडू वृंदावन, शुगरवर रामबाण म्हणून कोणीतरी सांगतं आणि लोक वाळूतून उचलून रस पितात, जहाल रेचक आहे ते, रक्ताचे जुलाब होतात. गुग्गुळाचं तर विचारूच नका. जास्त चीक निघावा म्हणून खोडाला खोल चिरा मारतात, त्यात झाड वाळून जातं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ते अतिसंकटग्रस्त आहे, त्यामुळे औषधी वनस्पती दाखवतो म्हणणाऱ्या गाइडला आधी चाकू खाली ठेवायला सांगा.

खादाड_पुणेकर:
गुग्गुळ मान्य, ते कोणीच तोडू नये. पण सरसकट बंदी कशाला? ओरणचे नियम आहेतच, देवाच्या नावाने राखलेलं रान, कुऱ्हाड चालवायची नाही, आपल्या देवराईसारखं. २०२४ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की ओरणांची मोजणी करून त्यांची वन म्हणून नोंद करा. गावाला विचारून जा, मूठभर घ्या, संपलं.

जोधपूरला_सध्या:
गावाला विचारतं कोण? गुगल मॅपवर पिन टाकलेली असते.

खादाड_पुणेकर:
अहो पण गाइडला पैसे मिळतात ना, ते गावातच राहतात की.

जोधपूरला_सध्या:
गाइड कुठला ते विचारून बघा एकदा. आमच्याकडे येतात ते बहुतेक जयपूरचे असतात, केर आणि बोर यातला फरकसुद्धा गुराख्याच्या पोराला विचारतात, आणि त्या पोराला मिळतं काय तर बिस्किटचा पुडा.