पुस्तकांचं शेल्फ, टॉवेल रॉड, निखळलेलं बिजागर – ड्रिल कुठलं घेऊ आणि स्क्रू कुठले?

बिजागरी
नमस्कार मंडळी. वाकडला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलोय. हॉलमध्ये चार फुटी शेल्फ लावायचंय पुस्तकांसाठी, बाथरूममध्ये टॉवेल रॉड, आणि किचनच्या एका शटरचं बिजागर स्क्रूसकट भुसा घेऊन बाहेर आलंय. सुतार रोज "उद्या नक्की येतो साहेब" म्हणतो आणि ते शटर आम्ही सेलोटेपनं धरून ठेवलंय. एवढ्याशा कामाला दर वेळी कुणाच्या मागे लागायचं, म्हणून स्वतःचंच ड्रिल घ्यावं म्हणतोय, बजेट पाच-सहा हजार. ऑनलाइन शंभर अॅक्सेसरीवाले किट दिसतायत ते घ्यावेत का? साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरेल की रोटरी हॅमर लागेल? सध्या घरात हातोडी, पक्कड आणि टेस्टर एवढाच संसार आहे.

सुतारपक्षी
ड्रिलचं नंतर बघू, आधी भिंत कसली आहे ते सांगा. विटांची, सिपोरेक्सची (म्हणजे एएसी, हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) की मायवानची (ओतीव काँक्रीटची)? हे कळल्याशिवाय कुणी मॉडेल नंबर सांगितला तर ऐकू नका. माहीत नसेल तर सोप्पं आहे, फर्निचरमागे जाईल अशा जागी ४ एमएमचं एक भोक पाडा आणि भुकटी बघा. सुरुवातीला प्लास्टरची करडी वाळू येईल ती सोडून द्या, त्यानंतर लाल आली तर वीट, पांढुरकी मऊ भुकटी आली आणि बिट सुळकन आत गेलं तर एएसी, आणि बिट नुसतंच किंचाळतंय, पुढे जात नाहीये, चिमूटभर करडी धूळ येतेय तर काँक्रीट.

उद्यमनगरी
मी कोल्हापूरचा, वर्कशॉपवाला माणूस, तर सरळ सांगतो भावा, रोटरी हॅमर घे, दोन किलोवालं, एसडीएस प्लस चकचं (चक म्हणजे बिट धरणारा जबडा, ह्यात खाचेच्या दांड्याचे बिट बसतात), आणि विषय संपव. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून नुसती थरथर होते, सगळा जोर तुझ्या खांद्यानं लावायचा. रोटरीत आत पिस्टन हवा दाबून ठोका मारतो, माणसानं फक्त धरून उभं राहायचं. काँक्रीटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.
आणि ते शंभर नगांचं किट अजिबात नको. त्यातले ऐंशी नग तू कधी वापरणार नाहीस आणि उरलेल्या वीसातले बिट दोन भोकांत बोथट होतात. चांगले तीन-चार बिट सुटे घे.

सुतारपक्षी
@उद्यमनगरी रोटरी भारीच, पण ह्यांचं पहिलं आणि एकच मशीन असणार आहे ना. एसडीएस चकमध्ये लाकडाचे गोल दांड्याचे बिट बसत नाहीत, अडॅप्टर लावला तर मशीन हातभर लांब होतं आणि बिट डगमगतं, शटरच्या कामाला ते घेऊन बसणार का? शिवाय भिंत एएसी निघाली तर ठोका मुळात नकोच आहे. तिथे हॅमर मोड बंद करूनच पाडायचं, नाहीतर भोक आतून फोपशासारखं मोठं होतं आणि मग प्लग (स्क्रू धरायला भोकात घालतात ती नायलॉनची नळी) गरागरा फिरतो.
माझं मत: ५००-६०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल, १३ एमएम चक, स्पीड ट्रिगरवर कमी-जास्त होणारा हवा आणि रिव्हर्स हवाच. मायवानची बिल्डिंग असेल तरच रोटरी, आणि तीसुद्धा आधी एक दिवस भाड्यानं आणून बघा.

बिजागरी
मायवान म्हणजे नक्की काय? बिल्डरच्या ब्रोशरमध्ये हा शब्द वाचल्यासारखा वाटतोय.

उद्यमनगरी
अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात, वीट-ब्लॉक भानगडच नाही. पुण्या-मुंबईकडच्या नव्या टॉवरांत लई चाललंय. आतल्या भिंती बऱ्याचदा १०० एमएमच्याच असतात, त्यात सळ्या पण आणि वायरींचे पाइप पण. म्हणून ५० एमएमच्या आत थांबायचं, बिटला टेप गुंडाळून खूण कर. मध्येच बिट अडून ठिणगी दिसली की सळई लागली समज, तिथे जोर काढू नकोस, इंचभर बाजूला सरक.

ओळंबा
स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, थोडं गणित मांडतो, कंटाळा आला तर पुढच्या पोस्टवर जा.
पुस्तकं फुटाला ८-१० किलो धरा, म्हणजे चार फुटाला ४० किलो. शेल्फ १० इंच खोल असेल तर हे वजन भिंतीपासून ५ इंचावर लोंबतंय. ब्रॅकेटचा भिंतीवरचा उभा पाय ८ इंचाचा असेल तर वरचे स्क्रू बाहेर खेचणारी ओढ सगळी मिळून साधारण २५ किलो येते. तोच पाय ३ इंचाचा घेतलात तर ६५ च्या वर जाते. वजन तेवढंच, भिंत तीच! लोक स्क्रू जाड करत बसतात आणि ब्रॅकेट मात्र दिसायला नाजूक म्हणून छोटा घेतात. उभा पाय मोठा घ्या आणि चार फुटाला तीन ब्रॅकेट लावा.
एएसी असेल तर अजून एक. हा ब्लॉक घनमीटरला ५५०-६५० किलोचा असतो, काँक्रीट २४०० च्या आसपास. निम्म्याहून जास्त हवा आहे त्यात. त्यामुळे तो लोखंडी फुगणारा अँकर फास्टनर एएसीत चुकूनही वापरू नका, तो फुगून पकड घेतो आणि इथे फुगला की आजूबाजूचा ब्लॉकच चुरतो. एएसीसाठी नायलॉनचे वेगळे प्लग मिळतात, काहींना बाहेरून पिळाचे पंख असतात आणि ते हातोडीनं ठोकून बसवायचे, काहींना मोठे जाड आटे असतात, ते पिळून. टीव्ही, गीझर असलं वजन असेल तर केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवतात तो), पण शेल्फला तेवढी गरज नाही.

बिजागरी
वा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी छोटेच ब्रॅकेट कार्टमध्ये टाकून ठेवले होते, काढले लगेच. ही ती साधी गिट्टी, चौकोनी लाकडाची, इलेक्ट्रिशियन ठोकतात तशी चालेल का?

ओळंबा
विटेच्या भिंतीत घड्याळ-फोटोला चालेल. लाकूड सुकलं की आकसतं आणि सैल होतं. पुस्तकांना नको.

दर्यावर्दी
मी वेंगुर्ल्याक असतंय, आमच्याकडे भिंतीपेक्षा गंजाचा त्रास जास्त. तुम्ही पुण्यात आहात पण बाथरूम म्हणजे कोकणच समजा. सुतार लोक सगळीकडे ते काळे स्क्रू मारत सुटतात, ते मुळात जिप्समसाठीचे ड्रायवॉल स्क्रू. कडक असतात पण ठिसूळ, आडवा भार आला की वाकायच्या आधीच डोकं तुटतं, आणि वर नुसता फॉस्फेटचा थर असल्यानं ओलीत पहिल्याच पावसाळ्यात तांबडे ओघळ. पिवळे झिंकवाले त्यापेक्षा बरे, पण घरातल्या कोरड्या जागेलाच. बाथरूमला एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, ३०४ ग्रेडचं घ्या. अगदी समुद्रासमोर घर असेल तर ३१६, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून खारी हवा जास्त सोसतं.
दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो "बघा चिकटत नाही, अस्सल एसएस", त्यावर जाऊ नका. २०२ पण चिकटत नाही आणि ते आमच्याकडे गंजतं. डोक्यावर ए-२ लिहिलेलं असेल तर ३०४ च्या घरातलं, ए-४ म्हणजे ३१६ च्या. बारीक लाकडी स्क्रूवर छाप नसते, तिथे खोक्यावरचा ग्रेड वाचा.
आणि एसएसचे नट-बोल्ट मशीननं जोरात पिळू नका, आटे एकमेकांना चिकटून असे बसतात की कापूनच काढावे लागतात. थोडं ग्रीस लावून हातानं.

टोरोंटोकर
इथे कॅनडात भिंती म्हणजे लाकडी सांगाडा आणि वर जिप्समचे तक्ते, त्यामुळे आम्ही आधी आतला उभा स्टड शोधतो, बहुतेक १६ इंचाच्या अंतरावर असतात, आणि थेट त्यातच स्क्रू. स्क्रू पण इथले चौकोनी खाचेचे, रॉबर्टसन, १९०९ चं कॅनेडियन पेटंट. बिटवर आपणहून अडकून राहतो, एका हातानं काम होतं. भारतात आलो की फुलीचे स्क्रू घसरताना बघून जीव जातो.

सुतारपक्षी
@टोरोंटोकर घसरायचं कारण बऱ्याचदा चुकीचं बिट. फुलीत पण फिलिप्स आणि पोझी असे दोन प्रकार. पोझीच्या डोक्यावर फुलीच्या मधोमध अजून चार बारीक रेघा दिसतात. किचनच्या बिजागरांचे स्क्रू बरेचदा पोझी असतात आणि आपण त्यात फिलिप्सचं पीएच-२ बिट घालून कराकरा फिरवतो. एक पोझीचं पीझेड-२ बिट घेऊन ठेवा, किरकोळ किमतीत मिळतं.

आता ते निखळलेलं बिजागर, @बिजागरी (नाव शोभतंय तुम्हाला). भुसा आला म्हणजे पार्टिकल बोर्ड, त्यात जुन्याच भोकात जाड स्क्रू घुसवणं म्हणजे पुढच्या वेळी अजून मोठा खड्डा. काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल हा घरगुती उपाय सगळे सांगतील, हलक्या शटरला चालतोही, पण नीट करायचं तर असं करा: बिजागर काढा, सैल भुसा झटकून टाका, ८ एमएमचं भोक सरळ पाडा पण १२ एमएम खोलच, बोर्ड १८ चा असतो, आरपार गेलात तर पुढच्या लॅमिनेटवर फोड येईल. ८ एमएमची लाकडी डॉवेल (हार्डवेअरवाल्याकडे गोल काठी मिळते, तीच कापा) फेविकॉल लावून ठोका, रात्रभर राहू द्या. सिंकखालचं शटर असेल तर साधा फेविकॉल नको, मरीन. दुसऱ्या दिवशी वर आलेला भाग पटाशीनं बोर्डाशी समतल छाटा, मधोमध अडीच एमएमचं पायलट भोक (स्क्रूला वाट दाखवणारं बारीक भोक), आणि स्क्रू हातानंच आवळा, मशीननं नाही. सगळीकडचाच बोर्ड फुगलेला, भुगा झालेला असेल तर डॉवेल धरणार नाही. मग बिजागराखाली बसणारी स्टीलची रिपेअर पट्टी मिळते, ती लावा, स्क्रू चांगल्या बोर्डात जातात.

चिमटा
टॉवेल रॉडचं राहिलंच की. टाइलवर आधी मास्किंग टेप लावा, त्यावर खूण करा, भाल्याच्या टोकाचं टाइल बिट, हॅमर बंद, स्पीड हळू. टाइल पार झाली की मगच मेसनरी बिट (वीट-काँक्रीटचं). टाइलच्या काठाजवळ पाडू नका, तडकते. नळाच्या आणि शॉवरच्या सरळ वरखाली तर भोकच नको, आत पाइप असतो. तसंच स्विचबोर्डच्या उभ्या रेषेत हॉलमध्येही नको, वायरचा पाइप तिथूनच जातो. प्लग बसवायच्या आधी भोकात सिलिकॉनचा एक थेंब सोडा, पाणी टाइलमागे उतरत नाही. गॉगल घाला हो, आणि मास्क, काँक्रीटची धूळ फुप्फुसाला वाईट.

उद्यमनगरी
हाताची हत्यारं तापडियाची घे, नाशिकला सातपूरला कारखाना आहे, आमच्या शॉपवर बापजाद्यांच्या काळातली पक्कड अजून चालतेय. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत जा, मुंबईवाल्यांनी नागदेवी स्ट्रीट. तिथे सुटे एसएस स्क्रू नगावर मिळतात, ऑनलाइन पाकिटापेक्षा स्वस्त. अजून सुताचा हिशोब चालतो हे ध्यानात ठेव, ८ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे २ सुती बोल्ट पाव इंचाचा. एम-६ चा नट त्यावर नीट बसणार नाही, आटेच वेगळे. जुना बोल्ट बदलायचा असेल तर नमुना खिशात घेऊन जा.

बिजागरी
मित्राचं ड्रिल आणून भोक पाडून बघितलं. हॉलच्या भिंतीत मधोमध पांढुरकी मऊ भुकटी, कोपऱ्याजवळ दोन फुटांवर करडी, आणि बिट पुढे जाईना. म्हणजे एएसी आणि कोपऱ्यात कॉलम, बरोबर ना? तर आता यादी अशी: ५५० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल, मेसनरी बिट ६ आणि ८, लाकडाचे अडीच आणि ८, टाइल बिट ६, पीझेड-२, ८ इंची तीन ब्रॅकेट, एएसीचे ८ एमएम प्लग, टॉवेल रॉडला एसएस ३०४ स्क्रू आणि ६ चे साधे नायलॉन प्लग, डॉवेल, मरीन फेविकॉल, पाणसळ, गॉगल, मास्क. शनिवारी बोहरी आळी. काही राहिलं?

ओळंबा
कॉलमच, बरोबर. शक्य असेल तर शेल्फ त्या बाजूला सरकवा, एक ब्रॅकेट तरी काँक्रीटमध्ये जाईल. तिथे साधा नायलॉन प्लग, एएसीचा नको, म्हणजे ८ चे साधे पण दोन-तीन घ्या. बाथरूमची भिंत कसली ते नाही बघितलंत, ती पण एएसी असली तर ६ चे प्लग पण त्याच प्रकारचे लागतील. आणि प्लगच्या पाकिटावर कुठल्या जाडीचा स्क्रू ते छापलेलं असतं, ८ ला बहुतेक ५ एमएम. लांबी मोजताना प्लास्टरची १२-१५ एमएम सोडून द्या, प्लग पूर्ण ब्लॉकमध्ये बसला पाहिजे.

चिमटा
टाइलच्या भिंतीत पाडताना खाली कुणीतरी व्हॅक्यूमचा पाइप धरा, नाहीतर घरातले पुढचं भोक पाडू देणार नाहीत.