रेव्हिट (इमारतींच्या थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर): बेसिन-कमोड दिसतात वरच्या मजल्यावर, शेड्युलमध्ये मात्र सगळे ग्राउंडला?

पर्वरीकर
नमस्कार मंडळी. गोव्यात पर्वरीला उतारावरच्या बंगल्याचं मॉडेल करतोय, खाली स्टिल्ट (खांबांवरचं मोकळं) पार्किंग, मग ग्राउंड आणि फर्स्ट. थ्रीडीत आणि सेक्शनमध्ये सगळं जिथल्या तिथे दिसतं. पण प्लंबिंग फिक्श्चरचं शेड्युल (मॉडेलमधून निघणारी यादी) लेव्हलप्रमाणे, म्हणजे मजल्याप्रमाणे लावलं की सगळं ग्राउंडखाली येतं आणि फर्स्ट फ्लोअर कोरा. वरचं एक कमोड सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल फर्स्ट केली तर ते उडून स्लॅबच्याही वर गेलं, पार आभाळात!! चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी मजलेवार बीओक्यू (सामानाच्या नगांची-मापांची यादी) द्यायचाय, प्लंबर रोज फोन करतोय. कोणी सांगेल का काय भानगड आहे?

चिरेबंदी
वरचे टॉयलेट सेक्शन किंवा एलेव्हेशनमध्ये सिलेक्ट करून साध्या कॉपीने वर नेलेत का? तसं असेल तर उत्तर त्यातच आहे. वर नेलं तरी त्या कमोडची लेव्हल ग्राउंडच राहते, फक्त त्याच्या 'एलेव्हेशन फ्रॉम लेव्हल'मध्ये, म्हणजे लेव्हलपासूनच्या उंचीत, मजल्याची उंची जाऊन बसते (जुन्या व्हर्जनला तिथे नुसतं ऑफसेट लिहिलेलं असायचं). समज मजला 3150 मिमीचा आहे, तर ते ग्राउंडपासून 3150 वर उभं आहे. आता लेव्हल फर्स्ट केलीस की ऑफसेट तसाच राहतो, म्हणजे 3150 अधिक 3150, गेलं 6300 वर. वस्तू कुठे दिसते आणि ती कुठल्या लेव्हलच्या नावावर आहे ह्या दोन वेगळ्या गोष्टी, आणि शेड्युल बघतं ते नावावर काय आहे तेच.

दुरुस्ती सोपी आहे. सेक्शनमध्ये वरच्या मजल्याचं सगळं विंडो मारून (माउसने चौकट ओढून) सिलेक्ट कर, फिल्टरमधून फक्त प्लंबिंग फिक्श्चर ठेव, मग प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल फर्स्ट आणि एलेव्हेशन 0 दोन्ही भर आणि मग अप्लाय. पण सगळ्यांना सरसकट 0 नको करू, काउंटरवरचं बेसिन वगैरे असेल त्याची मूळ उंची असते, ते वेगळं काढ.

पर्वरीकर
हो, सेक्शनमधूनच नेलेत, ज्युनियर मुलाने केलंय ते. कमोड झाले, जागचे न हलता शेड्युलमध्ये फर्स्टला गेले 👍 पण बेसिनला लेव्हल ग्रे दिसते, हातच लावू देत नाही.

चिरेबंदी
ती फॅमिली (रेव्हिटमधला तयार घटक) फेस-बेस्ड असणार, म्हणजे भिंतीच्या किंवा काउंटरच्या पृष्ठभागाला चिकटलेली. अशांना प्रॉपर्टीजमध्ये खाली 'शेड्युल लेव्हल' असतं, ते बदल. त्याने बेसिन जागचं हलत नाही, फक्त शेड्युलमधलं नाव बदलतं, तुला तेवढंच हवंय.

मांडवीकाठ
पुढच्या वेळी मजला कॉपी करताना कंट्रोल सी, मग मॉडिफाय टॅबवर पेस्टखाली 'अलाइन्ड टू सिलेक्टेड लेव्हल्स', तिथे फर्स्ट निवडायची. लेव्हल आपोआप बरोबर येते. अख्खं टॉयलेट ग्रुप केलं असेल तर आतल्या एकेका कमोडच्या मागे लागू नका, ग्रुपलाच रेफरन्स लेव्हल आणि ओरिजिन लेव्हल ऑफसेट असतं, आधी ते बघा.

अजून एक, प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये फर्स्टचा प्लॅन आहे ना? लेव्हलची रेघ कॉपी करून नवी लेव्हल केली की प्लॅन व्ह्यू बनत नाही, लेव्हलचं डोकं (रेघेच्या टोकाचं चिन्ह) निळ्याऐवजी काळं दिसतं. मग मुलं काय करतात, ग्राउंडचा प्लॅन डुप्लिकेट करून त्याला फर्स्ट नाव देतात. नाव काही द्या, त्याचं असोसिएटेड लेव्हल ग्राउंडच राहतं आणि ते बदलताही येत नाही, त्यात ठेवलेलं फर्निचर ग्राउंडलाच जाणार. व्ह्यू, प्लॅन व्ह्यूज, फ्लोअर प्लॅन असं जाऊन खरा प्लॅन काढा. थ्रीडीतून ठेवत असाल तर वर ऑप्शन्स बारमध्ये लेव्हल निवडायला मिळते, तिकडे कोणी बघतच नाही.

पर्वरीकर
प्लॅन आहे, डोकं निळंच आहे. शेवटचं एक, बाल्कांव (घरापुढचा बसायचा ओटा) हॉलपेक्षा 150 मिमी खाली आहे आणि न्हाणीचा स्लॅब सन्क (खाली घेतलेला) आहे. त्यांना वेगळ्या लेव्हल करू का? उतारामुळे आधीच पाच लेव्हल झाल्यात.

चिरेबंदी
नको रे बाबा. बाल्कांव आणि न्हाणीचा फ्लोअर ग्राउंड लेव्हललाच ठेव आणि हाइट ऑफसेट मायनसमध्ये दे. नाहीतर बीओक्यूत बाल्कांवचा वेगळा मजला निघेल आणि कॉन्ट्रॅक्टर तुलाच विचारेल हा कुठला माळा म्हणून.

मांडवीकाठ
सन्क स्लॅबपुरतं पटलं. पण उतारावरच्या घरात अर्धा मजला खरोखर खाली असेल, त्याला स्वतःच्या खोल्या असतील, तर लेव्हल हवीच, नाहीतर ऑफसेट सांभाळता सांभाळता जीव जाईल. फक्त नुसत्या संदर्भासाठी काढलेल्या लेव्हल असतात, प्लिंथ (जोतं), लिंटेल (दारा-खिडकीवरची आडवी तुळई) वगैरे, त्यांच्या प्रॉपर्टीजमधली 'बिल्डिंग स्टोरी'ची टिक काढून टाका, आयएफसी (दुसऱ्या सॉफ्टवेअरला मॉडेल द्यायचा फाइल फॉरमॅट) एक्सपोर्टला त्या उगाच मजले म्हणून जातात.

पर्वरीकर
प्लिंथ आणि लिंटेलची टिक काढली. स्टिल्टच्या वरचा अर्धा मजला ठेवतो, तिथे दोन खोल्या आहेत. बेसिनचं शेड्युल लेव्हल पण झालं, बीओक्यू आज संध्याकाळी पाठवतो. देव बरें करूं 🙏