गरोदर बाईवर औषधांची चाचणी व्हावी का? धडगाव-अक्कलकुव्याचा विचार करून सांगा

सातपुडा_लेक: मी नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात नर्स होते. पावसाळ्यात हिवताप ठरलेलाच. गरोदर बाईला फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचा जास्त घातक प्रकार, झाला की जंतू वारेत दडून बसतात, कधी कधी बोटाच्या रक्तात सापडतही नाहीत. आईचं रक्त कमी होतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही क्विनाइन, हिवतापाचं जुनं औषध, द्यायचो. बाया म्हणायच्या, कानात भुंगा शिरलाय. साखर उतरायची, म्हणून गोळीआधी गूळ-भाकर खायला लावायचो. इतरांना तेव्हा आर्टेमिसिनिन या नव्या औषधाच्या गोळ्या मिळत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या तिमाहीसाठी त्यातलीच एक गोळी, आर्टिमेथर-ल्युमफँट्रिन, सुचवली ते थेट २०२२ च्या अखेरीस! कारण गरोदर बायांना चाचण्यांतून वगळतात. पुरावा मुख्यतः कुणाकडून मिळाला? दिवस गेलेत हे न कळता ज्यांनी त्या गोळ्या घेतल्या, त्यांच्याकडून. माझं स्पष्ट मत आहे, बायांना संशोधनात घ्या.

तापीकाठ: ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत एका संशोधन प्रकल्पात मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची) दिली, त्यात आदिवासी मुली कितीतरी. खम्ममच्या आश्रमशाळांत पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या घेतल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. वडोदरा नंदुरबारहून किती लांब आहे? माझ्या वहिनीला कळा सुरू असताना एका दवाखान्यात कागद पुढे केला. अंगठा लावला, शाई चादरीला पुसली. कशावर लावला ते तिला आजही माहीत नाही.

शिरपूरकर_डॉ: तो कागद चुकीचाच होता. पण म्हणून संशोधन थांबवायचं? प्रसूतीच्या वेळी ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा २ ग्रॅमचा एकच डोस, यावरची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सात देश, २९ हजारांवर बाया, आपल्याकडचं नागपूर आणि बेळगावही त्यात. आईला जंतुदोष होण्याचं किंवा ती दगावण्याचं प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर आलं. बाळांच्या जंतुदोषात मात्र फरक पडला नाही. चाचणी केली म्हणून दोन्ही गोष्टी कळल्या.

तापीकाठ: आकडे मान्य. पण धडगावच्या पाड्यावर मराठी कागद वाचून दाखवला तरी समजणार कुणाला?

पावरा_पोरगी: माले वाटस, आता आम्हालाही बोलू द्या. माझी बहीण आशा कार्यकर्ती. २०२१ च्या सुरुवातीला सोबतच्या आशांना कोविडची लस मिळाली, ती पोटुशी म्हणून तिला परत पाठवलं. कारण तेच, लसीच्या चाचण्यांत गरोदर बाया नव्हत्या. परवानगी आली जुलैमध्ये, दुसरी लाट येऊन गेल्यावर. तोवर ती पोट सांभाळत घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरतच होती. वगळल्याने ती कुठे सुरक्षित राहिली? त्यामुळे मी ताईंच्या बाजूने.

सातपुडा_लेक: अगदी हेच म्हणायचं होतं. आणि तापीकाठ, तुमचं भाषेचं म्हणणं मी उचलते. संमती कळांमध्ये नको, सातव्या महिन्यात तपासणीला येते तेव्हा घ्या, पावरीत, त्यांच्याच बोलीत बोलून.

तापीकाठ: आणि औषध गुणकारी ठरलं तर आधी त्याच उपकेंद्रात आलं पाहिजे. एवढं लिहून देणार असाल तर माझा विरोध निम्मा कमी.

पावरा_पोरगी: माझं अजून एक. आमच्याकडे बाई लगेच नाही म्हणत नाही, "घरी विचारून येते" म्हणते. तिला घरी जाऊ द्याल, की त्याच दिवशी अंगठा मागाल?